किसन खंडारे आणि जुफैरचे लाटसाहेब

बहरीनच्या जुफैर भागातल्या एका उंच इमारतीत नळ, गटारं, गिझर आणि भाडेकरूंचा राग, एवढं सगळं किसन खंडारे सांभाळायचा. हुद्दा मेंटेनन्स सुपरवायझर. मूळ गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं कुरुम. अकोल्याच्या आयटीआयमधून प्लंबरचं शिकून तो ऐन तारुण्यात बहरीनला आला, तेव्हा दोन वर्षांत परतायचं ठरलं होतं. मग बायको भागीरथा आली, हमद टाउनमध्ये फ्लॅट घेतला, मुलगा उज्ज्वल इथंच जन्मून इथंच नोकरीला लागला, किसनच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दोन वर्षं काही संपली नाहीत.

माणूस सरळ. विडी नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, प्रश्न विचारायचं.

हे व्यसन तो मंडळाच्या सभेत भागवायचा. बहरीनमधल्या आंबेडकरी कुटुंबांचं धम्मपहाट मंडळ होतं आणि त्याचे अध्यक्ष होते अनिरुद्ध मेश्राम. नागपूरचे, विमा कंपनीत मॅनेजर, उम्म अल हस्सममध्ये ऐसपैस फ्लॅट, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. मनानंही चांगले. कोणाचं कोणी आजारी पडलं की हॉस्पिटलात पहिले तेच पोचायचे. फक्त एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना बसायचं कसं ते आठवत नसे. जयंतीच्या दिवशी संध्याकाळी भाषणं सुरू व्हायची ती पोरं आयांच्या मांडीवर झोपेपर्यंत. जेवण मागं टेबलावर थंड होत पडलेलं असायचं.

किसन दर वर्षी उभा राहून विचारायचा, "अध्यक्ष, जेवण आधी काऊन नाई?"

"किसनभाऊ, आधी विचार, मग आहार," अनिरुद्ध हसून म्हणायचे. लोक टाळ्या वाजवायचे. भूक सगळ्यांनाच लागलेली असायची, तरी वाजवायचे.

म्हणून किसन अध्यक्षपदाला उभा राहिला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा पडला. सभा भरायची अनिरुद्धांच्या घरी, मतदान हात वर करून, आणि त्याच्या थोडं आधी अनिरुद्धांची बायको अक्षता गरमागरम भजी घेऊन बाहेर यायची. ज्या घरची भजी तोंडात, त्या घराविरुद्ध हात वर करणं कोणाला जमणार? तिसऱ्या वेळी तर किसनचा स्वतःचा हातही जरा उशिरा वर गेला होता. भजी कांद्याची होती.

अशा परिस्थितीत एका डिसेंबरात चौदाव्या मजल्यावरून तक्रार आली, की किचनचं सिंक तुंबलंय.

दार उघडलं एका उंच, वाकलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यानं. अंगात स्वेटर, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. किसन सिंकखाली शिरला, तर शेजारी हाही गुडघे कुरकुरवत जमिनीवर बसला आणि वाकून बघायला लागला.

"सर, तुम्ही सोफ्यावर बसा," किसन त्याच्या कामापुरत्या इंग्रजीत म्हणाला.

"नाही नाही," म्हातारा म्हणाला. "सांडपाणी हा माझा आवडता विषय आहे. मी यावर पार्लमेंटमध्ये बोललेलो आहे."

किसनला वाटलं, म्हातारा सरकलाय. खाली आल्यावर रिसेप्शनवरच्या सबानं सांगितलं तेव्हा तो उडालाच. पाहुणे साधेसुधे नव्हते, खरोखरचे लॉर्ड होते. लॉर्ड स्कॅटरबी. मुलगी इथं बँकेत होती आणि इंग्लंडच्या थंडीत छाती भरते म्हणून हिवाळाभर ते तिच्याकडे आले होते. मुलगी दिवसभर कामावर. लॉर्ड घरात एकटे, खिडकीतून रस्त्यावरच्या टॅक्सी बघत बसलेले.

कुरुममध्ये कोणी फार तोऱ्यात वागलं की लोक म्हणायचे, आला मोठा लाटसाहेब. किसनला आयुष्यात पहिल्यांदा खरा लाटसाहेब भेटला होता आणि तो पाइपात डोकं घालून बसला होता.

त्यानंतर चौदाव्या मजल्यावर काही ना काही बिघडायला लागलं. कधी नळ गळे, कधी गिझरचा दिवा लुकलुके. किसन वर जाऊन बघे तर सगळं ठीक असे, चहा मात्र तयार असे. किसनच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला प्लंबर नको, माणूस हवाय. तोही ड्युटी संपली की वर जाऊ लागला.

त्या चहांमधून लाटसाहेबांचं आयुष्य हळूहळू बाहेर आलं. बाप बसगाड्यांचा मेकॅनिक. हे स्वतः शाळेत भूगोल शिकवायचे. गावच्या नगरपालिकेनं बंदरावरची सार्वजनिक मुतारी बंद करायचं ठरवलं, म्हणून ते चिडून निवडणुकीला उभे राहिले आणि नगरसेवक झाले. मुतारी वाचली. मग लोकांनीच पार्लमेंटला उभं केलं, खासदार झाले. पुढं एकदा धाकटे मंत्रीही झाले, कालव्यांचे.

"मोठे मंत्री काऊन नाई झाले?" किसननं विचारलं.

"सभागृहात एका बाईंनी विचारलं, सरकारनं या वर्षी किती कालवे दुरुस्त केले. मी म्हणालो, एकही नाही."

"मग?"

"खरं होतं ते. पण असं बोलायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी राजीनामा."

मग ते मागच्या बाकावर बसून आपल्याच सरकारला प्रश्न विचारू लागले. बसचे, गटारांचे, दुखणाऱ्या दातांचे. पक्षाच्या नेत्याला ते नकोसे झाले. पाडावं म्हटलं तर लोक निवडून देत होते, ठेवावं म्हटलं तर तोंड बंद होत नव्हतं. शेवटी नेत्यानं घरी बोलावलं, केक खिलवला आणि म्हणाला, तुमच्या सेवेचा मान म्हणून आम्ही तुम्हाला लॉर्ड करतो. लॉर्ड झालं की वरच्या सभागृहात बसायचं आणि खालची जागा सोडायची. त्या जागेवर नेत्याचा लाडका भाचा उभा राहिला.

किसन हसता हसता थांबला. "तुमच्यामागं मुलगी लॉर्ड होईल?"

"नाही. मी लाइफ पिअर. मी आहे तोवर पदवी आहे, मी गेलो की संपली. जन्मानं आली नाही, जन्मानं पुढं जात नाही."

किसननं कप खाली ठेवला. जन्मानं चिकटलेलं नाव कसं असतं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. कुरुमच्या पाणवठ्यावर त्याच्या आजोबाला काय हाक मारत, ते त्यानं उज्ज्वललाही कधी सांगितलेलं नव्हतं. ते नाव उतरवायला पिढ्या खर्ची पडल्या. आणि इथं समोर एक माणूस बसला होता, ज्याला मोठं नाव मिळालं आणि ते आपल्याबरोबरच संपणार हे तो मजेत सांगत होता, वर दोन वेगळे मोजे घालून.

"हे बरं हाय," तो मराठीतच म्हणाला. लाटसाहेबांना कळलं असावं, त्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी किसननं त्यांना मंडळाच्या तीन पराभवांची गोष्ट सांगितली. भजी ऐकून लाटसाहेब सावरून बसले. त्यांचे डोळे चमकायला लागले. कित्येक वर्षांत कोणी त्यांना निवडणुकीबद्दल विचारलं नव्हतं.

"पहिली गोष्ट, मतदान गुप्त हवं," ते म्हणाले. "दुसरी, घरोघरी जायचं. बोलायचं नाही, ऐकायचं. तिसरी, वचन एकच द्यायचं. दोन दिलीस तर लोक दोन्ही विसरतात. आपण कधी निघायचं?"

"आपण?"

"यल्ला!" लाटसाहेब म्हणाले. यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे पुरे, बहरीनमध्ये येऊन ते एवढेच दोन अरबी शब्द शिकले होते.

जानेवारीतल्या सभेत किसननं चिठ्ठ्यांनी मतदान मागितलं. अनिरुद्धांनी क्षणाचाही विचार न करता मान्य केलं. "लोकशाही म्हणजे लोकशाही, किसनभाऊ!" अकरा वर्षं निवडून आलेल्या माणसाचा तो आत्मविश्वास होता.

आणि मग शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत किसनची जुनी टोयोटा हमद टाउनच्या एका चौकातल्या वाहतूक-गोलाला वळसा घालून दुसऱ्या गोलाकडे जाताना दिसू लागली. पुढं किसन, शेजारी लाटसाहेब, मागं भागीरथा. पहिल्या दिवशी ती कुरकुरतच बसली होती.

"अवो, या म्हाताऱ्याले कायले घेऊन फिरता? सर्दी झाली तर पोरगी आपल्याले धरीन."

पण लाटसाहेबांनी किसनकरवी तिला गाडीतच सांगितलं, की किसन लॉर्ड झाला असता तर त्याला नावापुढं गाव लावावं लागलं असतं, लॉर्ड खंडारे ऑफ कुरुम. आणि लॉर्डची बायको ती लेडी.

"लेडी?" भागीरथानं पदर सावरला. पुढचे काही दिवस उज्ज्वलनं "आई, चहा" म्हटलं की ती काही ऐकू आल्याचं दाखवत नसे.

प्रचार असा कोणी केला नसेल. लाटसाहेब घरात शिरले की सरळ स्वयंपाकघरात जात, सिंकखाली वाकून बघत आणि विचारत, पाणी नीट जातं का? बायका हसून लोटपोट. मग जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत, न जमून स्टुलावर बसत आणि समोर येईल ते खात. एका घरी पातोडीचा रस्सा तीनदा घेतला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाले, "खलास! पण अजून थोडा." जेवण झालं की आपलं ताट स्वतः घासायला उठत. एका आजीबाईंच्या दुखऱ्या दाताची गोष्ट त्यांनी इतकी लक्ष देऊन ऐकली, की किसननं मधे दोनदा घड्याळ बघितलं. आजीबाई मराठीत सांगत होत्या आणि लाटसाहेब इंग्रजीत हुंकार देत होते. दोघांचं काही अडलं नाही.

किसन आपलं एकमेव वचन सांगायचा: जेवण आधी. लोक मान डोलवत. पण निघताना दारात उभे राहून हात हलवत ते लाटसाहेबांना. किसनच्या ते ध्यानात आलं नाही. तो पुढचा गोल कोणता ते बघत असे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मतदान झालं. अक्षतानं मिठाईचा रिकामा डबा आणून ठेवला, उमेदवारांची नावं सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. जागृती नावाची तरणीताठी मुलगी, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, तिला मोजायला बसवलं. ती चिठ्ठी उघडून वाचायला लागली.

"अनिरुद्ध सर. अनिरुद्ध सर. किसन काका. लाट..." ती थांबली. "लाटसाहेब."

हशा पिकला. पण पुढची चिठ्ठीही तीच निघाली. मग "लॉर्ड अंकल". मग "ताट घासणारे बाबा". एकीवर नुसतं लिहिलं होतं, "कोणीही, पण जेवण आधी." हसणं हळूहळू थांबत गेलं. शेवटी जागृतीनं आकडे सांगितले. लाटसाहेब पंधरा, अनिरुद्ध चौदा, किसन आठ.

किसनचे कान तापले. इतकी वर्षं अनिरुद्धांकडून हरणं त्याच्या सवयीचं होतं. यावेळी तो आपल्याच प्रचारकाकडून हरला होता.

अनिरुद्ध घसा साफ करत उठले. "ते सन्माननीय पाहुणे आहेत, सभासद नाहीत. त्यामुळे ती मतं बाद. म्हणजे मी..."

"सर, म्हणजे अर्ध्याहून जास्त लोकांना तुम्ही नकोत," जागृती म्हणाली. तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं, हिशेब म्हणून म्हटलं. पण अक्षता भजी घेऊन आली ती दारातच थबकली.

अनिरुद्धांचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग जुना खेळाडू सावरला. "मी सुचवतो," ते म्हणाले, "की किसनभाऊंच्या दीर्घ सेवेचा गौरव म्हणून मंडळानं त्यांना आजीव मानद सल्लागार करावं. निवडणूक नाही, मुदत नाही. आयुष्यभर."

टाळ्या पडल्या, अध्यक्षपद अनिरुद्धांकडेच राहिलं. किसन म्हणाला, "मले विचार करू द्या." अनिरुद्धांच्या घरी असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

परतताना किसननं गाडीतच विषय काढला. एका चिठ्ठीवरचं अक्षर त्यानं लांबूनच ओळखलं होतं.

"तू मले मत नाई देल्लं."

"नाई देल्लं," भागीरथा म्हणाली.

"काऊन?"

"तुमी अध्यक्ष झाले असते त सभा आपल्या घरी भरल्या असत्या. भजे कोण तयत बसलं असतं? तुमी?"

किसननं गिअर बदलला. "मंग लाटसाहेबाले कायले देल्लं?"

"त्याच्या घरी भरल्या असत्या ना! जुफैरले. तिथं लिफ्ट हाय, सोफा हाय. आन तो ताटं घासते."

दुसऱ्या दिवशी किसन चौदाव्या मजल्यावर गेला आणि सगळं सांगितलं. आकडे ऐकून लाटसाहेब इतके हसले की खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत खिडकीकडे बघत राहिले.

"शेवटच्या निवडणुकीत माझ्या स्वतःच्या गल्लीनंही मला एवढी मतं दिली नव्हती," ते म्हणाले. "त्यांना सांग, मी आभारी आहे."

"साहेब, हे सल्लागार म्हंजे काय? मान हाय का मले बाजूला सारून राहिले?"

"दोन्ही. मला बारा वर्षं झाली, कोणतं जास्त ते अजून ठरवता आलेलं नाही." मग ते पुढं वाकले. "पण एक सांगतो. खाली होतो तेव्हा प्रत्येक प्रश्न विचारताना भीती वाटायची, पुढच्या वेळी पडेन का. आता मला कोणी पाडू शकत नाही. घे ते पद. फक्त सगळ्यांसमोर एवढं कबूल करून घे, की प्रत्येक सभेत पहिल्यांदा सल्लागार बोलणार."

मार्चच्या सभेत किसननं तसंच केलं. अनिरुद्धांना वाटलं, एवढ्यावर भागतंय तर भागू दे. "मान्य!" ते म्हणाले. आणि किसन लगेच उठून उभा राहिला.

"मंग हा पहिला सल्ला. जयंतीले जेवण आधी."

टाळ्या इतक्या जोरात पडल्या की वरच्या मजल्यावरच्या माणसानं फरशी ठोकली.

लाटसाहेब त्याच महिन्यात लंडनला परतले. विमानतळावर भागीरथानं त्यांना ठेच्याची बाटली दिली आणि ती सामानात टाका, हातात नको, हे उज्ज्वलकडून इंग्रजीत दोनदा सांगवलं.

एप्रिलमधली जयंती ठरल्याप्रमाणे झाली. वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि पंगत बसली. भात गरम होता. पोरं जागी होती. लोक येऊन किसनच्या पाठीवर थाप मारत होते. तो कधी नव्हे तो नवा शर्ट घालून सगळीकडे फिरत होता, आयुष्यातली पहिली निवडणूक जिंकल्यासारखा.

मग लोक हात धुऊन घरी जायला लागले.

कोणाची सकाळची शिफ्ट होती, कोणाचं पोर पेंगत होतं, कोणी नुसतंच "येतो हं" म्हणालं. अनिरुद्ध स्टेजवर चढले तेव्हा समोर खुर्च्या होत्या, माणसं फार थोडी. त्यांनी हातातल्या कागदांची जाडी बघितली आणि खुर्च्यांकडे बघितलं. किसनला असं व्हावं असं वाटलं नव्हतं. तो मागून चालत आला आणि पहिल्या रांगेत मधोमध बसला. भागीरथालाही खुणावलं. जागृती आली, अक्षता आली.

अनिरुद्धांनी कागद घडी करून खिशात टाकले. आवाज न चढवता ते आपल्या आईबद्दल बोलले. ती नागपुरात विड्या वळायची. त्यांची पुस्तकं ती तंबाखूच्या सुपातच ठेवायची, म्हणून दहावीपर्यंत त्यांच्या प्रत्येक पुस्तकाला तंबाखूचा वास यायचा आणि वर्गात पोरं नाक दाबायची. एकदा त्यांनी लाजून पुस्तक फाडलं. आईनं ते रात्री खळीनं चिकटवलं. तिला वाचता येत नव्हतं, पानं उलटसुलट लागली. ते पुस्तक अजून त्यांच्याकडे आहे. इतकं सांगून ते खाली उतरले. इतकी वर्षं एवढ्या लोकांसमोर एवढं बोलले, हे कधी बोलले नव्हते.

किसन नाक पुसत उठला. "अध्यक्ष, तुमी थोड्या लोकांसमोर लय चांगलं बोलता."

"हा टोमणा आहे का, किसनभाऊ?"

"नाई बापा. सल्लागार हाय मी, सल्ला देऊन राहिलो."

अनिरुद्ध खो खो हसले. मग दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या. तिथंच ठरलं, पुढच्या वर्षी आधी एकच भाषण, छोटं, मग जेवण. कोणाचं भाषण यावर थोडी कुरबुर झाली, पण ती प्रेमाची.

मेच्या सभेत किसन नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठला. मुद्दा त्यानं नीट ठरवून आणला होता: मंडळातली पोरं मराठीत काऊन बोलत नाईत? सभेला येतात, मोबाइल बघतात, विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात. बोलता बोलता तो रंगला. त्याचं भाषण चांगलंच लांबलं. अक्षता दोनदा स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून गेली.

तेव्हा मागच्या बाजूला उज्ज्वल उभा राहिला. हा मुलगा सभेत कधी एक शब्द बोललेला नव्हता. शब्द शोधत शोधत, पण मराठीतच तो म्हणाला, "बाबा, मला एक प्रश्न आहे. आजीव सल्लागार म्हणजे... कोणाचं जीव? तुमचं, का आमचं?"

खोलीत हास्याचा नुसता भडका उडाला. किसननं मदतीसाठी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष छताकडे बघत होते.

"खाली बस," किसन म्हणाला. मग त्यानं भागीरथाकडे बघितलं, परत पोराकडे बघितलं. उज्ज्वलचे कान लाल झाले होते, पण तो बसला नव्हता.

"नाई, उभाच राय," किसन म्हणाला आणि स्वतः खुर्चीत टेकला. "अजून काय इचारतं ते इचार."